करवंटीचा डोळा

आमच्या मामाच्या पोटात मशीन होतं. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला ऐकवलं, त्याने हळूच पुढे झुकून माझ्या तोंडाचा वास घेतलाय. घ्या बापडे. पण मशीन होतं. डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली, कातडीच्या आत, चपट्या पेढ्याएवढं. त्यातून निघालेली तार थेट पाठीच्या कण्यापर्यंत गेलेली. उन्हाळ्यात मामा उघडाबंब ओटीवर बसला की ते कातडीखाली स्पष्ट दिसायचं, आणि विहिरीवर निघालेल्या बायका आपली वाट वाकडी करून ते बघून जायच्या.

मामा बोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. ऐंशी साल उलटल्यानंतर कधीतरी तो बोटीच्या पोटात, माल भरतात त्या खणात, वरून खाली पडला. किती वरून, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती उंची पोफळीएवढी होती. तिची माडाएवढी व्हायला वेळ लागला नाही. मी ती पुन्हा पोफळीएवढी करून सांगतोय, यावरून माझा स्वभाव ओळखा. तर पाठ सांधली, पण डाव्या पायात आग राहिली ती राहिलीच. चालताना सोसवेल एवढी, मांडी घालून बसला की पाय पेटायचा. शेवटी एका परदेशी बंदरातल्या इस्पितळात त्याला हे मशीन बसवलं. ते चालू केलं की पायातून मुंग्यांची मिरवणूक निघायची आणि त्या मिरवणुकीच्या गलक्यात दुखणं ऐकू यायचं नाही. हे मामाचेच शब्द. नोकरी तिथेच संपली आणि मामा मशीन घेऊन तारकर्लीच्या वाटेवरच्या आमच्या आजोळी कायमचा परतला.

मशीन चालू-बंद करायला बाहेर एक डबी होती. त्या दिवसांत मालवणात घरावर टीव्हीचा अँटेना दिसला तर माणसं सायकलवरून उतरून बघत. इकडे बटण दाबलं की तिकडे माणसाच्या पोटात काहीतरी सुरू होतं, हे पटवून घ्यायला वाडीला एक अख्खा पावसाळा लागला. डबी राखी रंगाची, गुळगुळीत, दोन काडेपेट्या एकावर एक ठेवल्यासारखी. मशीनजवळ धरून बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. तिकडच्या डॉक्टरने बजावलं होतं की आतली बॅटरी पुरवून वापरा, ती संपली की पुन्हा कापाकापी, तीही समुद्रापलीकडे. आणि दाबायच्या आधी पाय घट्ट टेकून मनाची तयारी करा. बेसावध असताना मशीन सुरू झालं तर पाय झटका देतो, आणि तो झटका आवरणं पायाच्या मालकाच्या हातात नसतं.

याचा अर्थ आम्हाला कळला तो साखरपुड्यात.

मामाला एकच मुलगी. तिच्या बारशाला तो कुठल्या समुद्रात होता, हे त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही. तिला दात आले, गोवर आला, ती शाळेत गेली, मॅट्रिक झाली. दर वेळी बाप आला तो टपालाने. कायमचा घरी आला तेव्हा मुलगी लग्नाची झालेली. म्हणून मामाने देवाकडे, मामीकडे आणि माझ्याकडे, म्हणजे जो ऐकेल त्याच्याकडे, एकच मागणं लावून धरलं होतं. कन्यादानाला आपण पाटावर बसायचं. हात दुसऱ्या कुणाचा नाही, आपला.

मुलगा दोडामार्गचा ठरला. माणसं केळी-काजूच्या बागायतीतली, सुखवस्तू, आणि व्याही इतका मऊ बोलणारा की दोनदा विचारल्याशिवाय त्याला चहा हवाय की नको ते कळत नसे. साखरपुड्याच्या दिवशी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडव, मांडवात चटया, चटयांवर दोन्हीकडची मंडळी. आता आमच्याकडची रीत अशी की व्याह्याला पान लावून देत नाहीत, आपली चंचीच त्याच्या हातात देतात. घ्या, तुमच्या हाताने लावा. म्हणजे माझं घर ते तुमचं घर. मामाने मोठ्या मानाने चंची पुढे केली. आणि त्याच चंचीत, पानं, सुपारी, अडकित्ता आणि चुन्याच्या डबीच्या शेजारी, ती परदेशी डबी.

एवढ्यावरही काही बिघडलं नसतं. पण मामा पडला जातिवंत खलाशी. बोटीवर जे बांधलं नाही ते समुद्राचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे चष्मा दोरीने मानेला, किल्ली दोरीने जानव्याला आणि चंची दोरीने कमरेला. दोरी आखूड. व्याह्याने चंची घेतली खरी, पण ती उघडायला त्याला मामाच्या कुशीत शिरावं लागलं. गुडघ्याला गुडघा, टोपी मामाच्या हनुवटीखाली, अशा अवस्थेत त्याने पानं काढली, सुपारी काढली, आणि बोलता बोलता चुन्याची डबी समजून अंगठ्याने जे झाकण उघडायला दाबलं, ते झाकण नव्हतं.

मामाचा डावा पाय उठला. मी क्रिकेट बघितलंय, बैलांची झुंज बघितलीय, पण असा पाय बघितला नाही. पेढ्यांचं तबक, समईशेजारचा तांब्या आणि व्याह्याची टोपी यांनी एकाच वेळी मांडव सोडला. टोपी माडावर मिळाली. पेढे बहुतेक गोळा झाले. एक अजून सापडलेला नाही, आणि तो वेंगुर्ल्याच्या दीपगृहात असावा असा माझा दाट संशय आहे. व्याही चटईवर आडवा पडून, तशातही मऊ आवाजात, आपण काही चुकीचं बोललो का, असं विचारत होता.

मामीने पुढे होऊन सगळा उलगडा केला. मग मामाने सदरा वर केला आणि व्याह्याचं बोट धरून ते मशीनवर टेकवलं. व्याही फार भला माणूस. त्याने बोटाने मशीन चाचपलं, मान हलवली, लग्न मोडण्याचं काही कारण दिसत नाही म्हणाला. मात्र त्या दिवसापासून तो मामाच्या उजव्या बाजूलाच बसू लागला.

बाजाराने मात्र हे प्रकरण आपल्या हातात घेतलं. मासळीवाल्यांपाशी पोचेतो व्याह्याची बरगडी मोडलेली होती. बातमी कुणकेश्वराच्या यात्रेला जाऊन परत आली तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. हे ऐकून आमचे थोरले मामा, म्हणजे घराचे कर्ते, ओटीवर येऊन बसले. त्यांनी निवाडा दिला की कन्यादानाला पाटावर ते आणि थोरली मामी बसतील. मुलीच्या बापाने मांडवात खुर्ची घ्यावी, आणि खुर्चीसमोर कुणी बसू नये.

मामा कधी नव्हे तो हळू बोलला. "चेडवाच्या बारशाक मी नव्हतंय, दादा. आता तेच्या लग्नाक पावण्यासारखो खुर्येर बसान बघू?"

थोरल्या मामांनी भावाला नकार दिला नाही. पण कर्ता माणूस सरळ होकारही देत नाही. त्यांनी अट घातली. मशीन बंद ठेवून पाटावर बसायचं. आणि डबी आपोआप दाबली जाणार नाही असा बंदोबस्त आधी करून दाखवायचा. "मगे बघूया," असं म्हणून ते उठले.

बंद ठेवून बसायचं म्हणजे पायातली आग गिळत बसायचं. मामाने त्यालाही मान डोलावली. राहिला डबीचा बंदोबस्त. त्यासाठी मला बोलावणं आलं. मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवत होतो, पण विज्ञानाचे मास्तर बदली होऊन गेल्याने तो विषयही माझ्या गळ्यात आला होता, आणि मामाच्या हिशेबाने त्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी माझ्यावर येत होती.

मी पहिल्यांदा डबी फडक्यात गुंडाळली. सात घड्या घातल्या तरी बटण फडक्यातूनही दाबलं जायचंच, फक्त आता ते कुठे आहे हे मामालाच सापडेना. मग मी बटणावर सोड्याच्या बाटलीचं बूच उपडं घालून चिकटवलं. ही युक्ती मला फार आवडली होती. बूच बटणापेक्षा मोठं असल्यामुळे आता कुठेही हात लागला तरी बटण दाबलं जाऊ लागलं. त्या संध्याकाळी मामाने अंगणात मांजराला आणि पोस्टमनला अशा दोन लाथा मारल्या. मांजर चुकवून गेलं. पुढे मामाने सूत्रं आपल्या हातात घेतली आणि डबी दोरीने बांधली. सारंगाच्या गाठी त्या. वादळात बोट धरून ठेवतील अशा. बंदोबस्त उत्तम झाला. फक्त दुसऱ्या दिवशी पाय पेटला तेव्हा गाठी सोडवता सोडवता मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी मामीने कोयता आणला.

आमचं अडत कुठे होतं ते आता सांगायला सोपं आहे. चुकून दाबता येऊ नये, आणि हवं तेव्हा मात्र झटकन दाबता यावं. एक साधलं की दुसरं सुटायचं. आम्ही दोघे पुरुष ओटीवर डोकं धरून बसलो होतो. मामी आत नारळ खवत होती आणि आमचं सगळं ऐकत होती.

"मेल्यांनू, बटणार झाकाण कित्याक घालतास?" ती आतूनच म्हणाली. "बटणाक बीळ होया. कुर्ली बिळात रवता तसा. मुद्दाम बोट घातल्याशिवाय गावूक नये."

आणि ती खवत असलेली करवंटी हातात घेऊन बाहेर आली. डोळ्यांकडची बाजू होती. नारळाला तीन डोळे असतात हे मी सांगायला नको. त्यातले दोन कठीण, एक मऊ. मामीने त्या मऊ डोळ्यात खिळा घालून फिरवला. आरपार भोक पडलं. तिने डबी खाली ठेवली, वर करवंटी उपडी घातली, आणि डोळ्यातून आत बघायला मला सांगितलं. मी बघितलं. अंधारात, बरोबर मधोमध, बटण.

मग आम्ही एक अगदी लहान नारळ शोधला. शोधला म्हणजे, आमच्या बागेतल्या सगळ्या माडांचे नारळ पाडून झाल्यावर शेजाऱ्याच्या बागेत मिळाला. करवंटी काचेच्या तुकड्याने तासून मी अशी गुळगुळीत केली की मामी तिच्यात बघून कुंकू लावू शकली असती. आत लाकडाची पट्टी बसवून डबी तिच्यावर घट्ट टेकवली, आणि मामाने गळाच्या तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याने, सगळं बांधून टाकलं. भोक नेमकं किती मोठं ठेवायचं यावर वाद झाला. अंगठा जाता कामा नये, तर्जनी जाता कामा नये. ठरलं करंगळी. चुना कुणी करंगळीने काढत नाही, दरवाजा कुणी करंगळीने ढकलत नाही. करंगळीने माणूस जे करतो ते ठरवूनच करतो. मामाच्या हाताची बाकी बोटं दोर ओढून ओढून मुळ्याएवढी झाली होती, पण करंगळी तेवढी बारीक राहिलेली. त्या मापाने मी भोक कानसलं. तेवढ्यात मामेबहीण आली आणि तिनेही आपली करंगळी आत घालून बघितली. अगदी तीच. नाक आईचं, रंग आईचा, बापाकडून तिने तेवढं एक बोट उचललं होतं. मामाने ते बोट आपल्या करंगळीशेजारी धरून बघितलं.

परीक्षा थोरल्या मामांच्या देखत झाली. मामाला ओटीवर बसवलं, डाव्या पायासमोर रिकामी घागर ठेवली, आणि करवंटी कमरेला बांधली. वाडीतल्या ज्याला त्याला मुभा दिली. लोकांनी ती दाबली, पिळली, तिच्यावर कोपर टेकलं, एकाने पाट मारून बघितला. शेजारच्या म्हाताऱ्याने तिच्यावर नारळ सोलायचा आग्रह धरला होता, तो मोडून काढावा लागला. घागर जागच्या जागी. शेवटी थोरले मामा स्वतः पुढे झाले आणि अंगठ्याने, मग तर्जनीने, मग रागाने झटले. घागर हसत होती. मग मामाने पाय टेकले, श्वास घेतला आणि आपल्या करंगळीने बटण दाबलं. पायाचा अंगठा जरासा हलला, एवढंच. सांगून दाबलं की पाय शहाण्यासारखा वागत होता.

"बरा आसा," थोरले मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द त्यापूर्वी फक्त देवगडच्या हापूसला उद्देशून ऐकलेला.

लग्नाच्या दिवशी मामा सोवळं नेसून, उपरणं पांघरून पाटावर बसला. मशीन बंद, करवंटी उपरण्याखाली डाव्या कमरेला. समोर मुलगी आणि जावई. व्याही आपल्या ठरलेल्या उजव्या बाजूला, टोपी एका हाताने धरून. थोरले मामा मामाच्या मागे, वेळ पडली तर काखेत हात घालून उचलायच्या तयारीने. मी त्यांच्याही मागे, वेळ पडली तर पळायच्या.

भटजींनी आटोपशीर करतो असा शब्द दिला होता. पण दोडामार्गाहून त्यांच्या तोडीचे दुसरे भटजी आलेले. एकाने या घराण्याचं गोत्र, प्रवर, पणजा, आजा, बाप असं सगळं खणखणीत म्हटलं की दुसऱ्याने त्या घराण्याचं त्याहून खणखणीत म्हणावं. मग पहिल्याने पुन्हा. मला वाटतं एका फेरीत आम्ही पार परशुरामापर्यंत जाऊन आलो. मामाच्या ओंजळीत पाणी, अक्षता, सुपारी आणि नाणं. हे सगळं संपेतो ओंजळ सोडायची नाही. मामीच्या हातात पाण्याची झारी, तिचेही दोन्ही हात गुंतलेले.

मामाचा पाय पेटला तो तिसऱ्या फेरीला. आधी गुडघा थरथरला. मग पोटरी. मामाच्या कपाळावरून घामाची धार निघून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली. ओंजळीतलं पाणी हिंदकळू लागलं. डबी वीतभर अंतरावर, पण हात मोकळा नाही. आणि तो मोकळा असता तरी मामाने लावला नसता, कारण दादाला बंद ठेवीन असा शब्द दिला होता. थोरले मामा खाली वाकले. त्यांचे हात मामाच्या काखेपाशी आले. आणखी एक क्षण, आणि पाटावरचा माणूस बदलणार, हे मला दिसलं. मामीला दिसलं. समोर मान खाली घालून बसलेल्या नवरीलाही दिसलं.

ती पुढे झुकली. बापाचं उपरणं घसरलंय आणि ते ती सारखं करतेय, असं सगळ्या मांडवाला वाटलं. हिरव्या चुड्याचा हात उपरण्याखाली गेला. मी जवळ होतो म्हणून ऐकलं. दोन भटजींच्या गजरात दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल.

"बाबानू, मी दाबतंय. पाय घट्ट धरा."

मामाने पाय घट्ट धरला. व्याह्याने टोपी घट्ट धरली. थोरले मामा जागच्या जागी थिजले. आणि काही झालं नाही. डाव्या पायाचा अंगठा जरासा हलला, मग गुडघा शांत झाला, मग ओंजळीतलं पाणी. नाकाच्या शेंड्यावरचा घामाचा थेंब तेवढा खाली पडला. भटजींनी जे म्हणायचं होतं ते म्हणून संपवलं, मामीने झारीतून धार धरली, आणि मामाच्या ओंजळीतून पाणी मुलीच्या हातात, तिथून जावयाच्या हातात गेलं. सगळं, स्वतःच्या हाताने. थोरल्या मामांनी काखेपाशी नेलेले हात तसेच पुढे नेऊन धाकट्या भावाच्या खांद्यावर ठेवले. शब्द मोडल्याबद्दल त्यांनी कधीही विचारलं नाही. मोडला तो भावाने नव्हे, आणि नवरीला त्यांनी अट घातली नव्हती.

पंगत उठल्यावर मामाने व्याह्यापुढे पुन्हा चंची केली. आता त्यात फक्त पानसुपारी होती. व्याह्याने फार नम्रपणे आपल्या खिशातून स्वतःची चंची काढली.

मुलगी दोडामार्गला गेली. पुढची कित्येक वर्षं मामा रोज आपल्याच करंगळीने मशीन चालवायचा. उठताबसता, जेवताना, गजाली मारताना, न बघता. करवंटी वापरून वापरून काळीभोर झाली. एकदाही ती चुकून दाबली गेली नाही. बॅटरीची काटकसरही तो मन लावून करायचा, एका प्रकारचा दिवस सोडून. लेक माहेरी यायची असली की सकाळपासून मशीन चालू ठेवून मामा माडांना पाणी शिंपायचा, अंगण झाडायचा, मासळीबाजारात जाऊन सरंगा आणायचा. मग तिठ्यावर दोडामार्गची एसटी थांबल्याचा आवाज आला की लगबगीने ओटीवर येऊन बसायचा आणि करवंटीच्या डोळ्यात बोट घालून मशीन बंद करायचा.

मुलगी पिशव्या घेऊन बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, आत येईतो मामाचा चेहरा पिळवटलेला असायचा. चंची बाजूला सारून दोन्ही हात मांडीवर अडकल्यासारखे. "इलंस? बघ गो वायच," तो कण्हत म्हणायचा, "माझा बोट काय जाईना."

ती पिशव्या खाली ठेवायची, पाय घट्ट धरा म्हणून सांगायची, आणि करंगळी आत घालायची. मामी दारात उभी राहून दोघांकडे बघायची आणि सरंगा कापायला आत निघून जायची.